ट्रम्पेट हलका घ्यावा की जड? नवशिक्यांसाठी वजनाचा हिशेब

ट्रम्पेट घ्यायला दुकानात गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हातात घेऊन बघा, वजन आहे!" म्हणजे माल चांगला. पितळेची भांडी वजनावर घेत आलेल्या आपल्या लोकांना हे पटतंही लगेच. इंटरनेटवर शिरलात तर दुसराच गोंधळ. एकजण छातीठोकपणे सांगतो की जड ट्रम्पेटचा आवाज गडद आणि गोल. दुसरा म्हणतो, हलका घ्या, तो फुंकर घातल्याबरोबर बोलतो आणि सगळ्या प्रकारच्या संगीताला चालतो. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही ते फुगवून सांगतात. वजनाने फरक पडतो. तो श्रोत्याला थोडा आणि वाजवणाऱ्याला बराच जाणवतो, आणि एकूण वजनापेक्षा ते वाद्याच्या कुठल्या भागात आहे यावर तो जास्त अवलंबून असतो. एवढं लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या केल्यात, तर विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या कानावर आणि मनगटावर विसंबून निवड करता येईल.

आवाज नेमका कशाने होतो

आपण शिकतो तो नेहमीचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा. एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायची कळ, न दाबता त्याचा 'सी' वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. वेटोळी उलगडली तर नळी सुमारे १४८ सेंटीमीटर भरते, आणि बाख कंपनीच्या सर्वपरिचित मॉडेलमध्ये मधल्या भागातला तिचा आतला व्यास ११.६६ मिलिमीटर आहे. या नळीतली हवा थरथरते आणि तोच आपला सूर. ओठांपासून निघालेली लाट बेलपर्यंत, म्हणजे पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडापर्यंत, जाते, तिचा काही भाग बाहेर पडतो आणि बराचसा आत परततो. परतलेली लाट ओठांना एका ठराविक गतीने थरथरत ठेवते. त्यामुळे आवाजाची जात मुख्यतः नळीच्या आतल्या आकारावर ठरते: माउथपीसची (ओठ टेकवतो त्या तुकड्याची) वाटी किती खोल, तिच्या पुढचा लीडपाइप, म्हणजे नळीचा पहिला सरळ भाग, कसा रुंदावत जातो, बेल कुठून उघडायला लागते. पितळेच्या पत्र्याची जाडी यानंतर येते, आणि बरीच नंतर येते.

जोरात वाजवल्यावर ट्रम्पेटला जी चरचरीत धार येते, ती पातळ पत्रा थरथरल्यामुळे येते असा सार्वत्रिक समज आहे. तिचं मुख्य कारण हवेतच आहे. जोराची लाट अरुंद नळीतून जाताना तिचा पुढचा भाग उभा होत जातो, आणि वरचे स्वरांश एकदम प्रबळ होतात. १९९६ साली ट्रॉम्बोनवर, म्हणजे ट्रम्पेटच्या मोठ्या भाऊबंदावर, झालेल्या मोजमापांत अशी लाट अक्षरशः आघात-लहरीपर्यंत (शॉक वेव्हपर्यंत) पोचलेली दिसली. फ्लुगलहॉर्न या दुसऱ्या भाऊबंदाची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून तो कितीही जोरात वाजवला तरी तसा चरचरत नाही. पत्रा जाड की पातळ याचा त्यात फारसा हात नाही.

ब्रिटनमधले रिचर्ड स्मिथ हे पितळी वाद्यांचे अभ्यासक. त्यांनी ०.३ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या ट्रॉम्बोनच्या बेल बनवल्या, हाताला फरक कळू नये म्हणून त्यांचं वजन आणि तोल सारखा केला, आणि अव्वल वादकांना कोणती बेल आहे हे न सांगता वाजवायला दिल्या. वादकांना फरक ओळखता आला नाही. या प्रयोगाची हकिगत त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजचे भौतिकशास्त्रज्ञ थॉमस मूर आणि त्यांचे सहकारी यांनी कृत्रिम ओठांनी ट्रम्पेट वाजवून, बेल एकदा मोकळी ठेवून आणि एकदा तिची थरथर दाबून आवाज मोजला. फरक मिळाला. लहान, पण मोजता येण्याजोगा.

माझ्या मते दोन्ही निकाल एकत्र वाचले तरच चित्र पूर्ण होतं. नळीच्या पत्र्याची थरथर समोरच्या श्रोत्यापर्यंत थोडीच पोचते. वाजवणाऱ्याला मात्र ती दातांतून, हाडांतून, डाव्या पंजातून आणि बेलच्या मागे असलेल्या कानांतून सतत कळत असते. आणि वादक स्वतःला जसं ऐकतो तसं वाजवतो. हलक्या ट्रम्पेटमध्ये स्वतःचा आवाज जवळून, सळसळीत ऐकू येतो, म्हणून माणूस कमी जोर लावतो. जड ट्रम्पेटमध्ये तो पुढे निघून गेल्यासारखा वाटतो, म्हणून नकळत जास्त फुंकलं जातं. श्रोत्याला ऐकू येणारा फरक पुष्कळदा या बदललेल्या फुंकीचा असतो.

वजन करून घ्या, अंदाज नको

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. माउथपीस काढून ट्रम्पेट आडवा ठेवा. बेल काट्याच्या बाहेर लोंबली तरी चालेल, फक्त ती ओट्याला टेकू देऊ नका. मग माउथपीस वेगळा ठेवून त्याचंही वजन घ्या.

नेहमीचा बी-फ्लॅट ट्रम्पेट एक किलोपासून एक किलो दोनशे ग्रॅमपर्यंत भरतो. शिकाऊ मॉडेलं यातल्या खालच्या टोकाला असतात. एक किलोच्या खाली गेलात की हलके म्हणावेत, तेराशे ग्रॅमच्या वर गेलात की जड. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या कंपनीची व्याख्या नव्हे. माउथपीस साधारण शंभर ग्रॅमचा असतो. मुद्दाम जड बनवलेले त्याच्या दुपटीपर्यंत जातात.

टोकाची उदाहरणंही माहीत असावीत. अमेरिकेतले डेव्हिड मोनेट १९८३ पासून ट्रम्पेट बनवतात. त्यांचे जाड पत्र्याचे, जादा पट्ट्या जोडलेले ट्रम्पेट नेहमीच्या वाद्याच्या दीडपट-दुपटीच्या घरात जातात. प्रसिद्ध जॅझ वादक विंटन मार्सालिस मोनेट यांचाच ट्रम्पेट वाजवतात, आणि त्यात माउथपीस वाद्याला कायमचा जोडलेला आहे. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा पी-ट्रम्पेट: वजन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. तो ऐकून बघाच. ट्रम्पेटचाच आवाज येतो, थोडा बोथट. पितळ पूर्ण काढून टाकूनही ट्रम्पेट हा ट्रम्पेटच राहत असेल, तर पितळेच्या शे-दीडशे ग्रॅमवरून किती भांडायचं ते ठरवा.

वजन कुठे आहे ते शोधा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि खरा मुद्दा इथेच आहे. सारख्या वजनाचे दोन ट्रम्पेट हातात अगदी निराळे वागतात, कारण ग्रॅम वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात.

पहिलं ठिकाण बेल. इथे पत्र्याची जाडी आणि बेलच्या काठात गुंडाळलेली तार, या दोन गोष्टी बघायच्या. काठावरून बोट फिरवा; वळवलेल्या कडेत तार आहे की नाही, ती जाड आहे की बारीक, हे बोटाला कळतं. पातळ बेल हळू आवाजात चटकन बोलते आणि जोर वाढवला की वादकाला लवकर चरचरू लागल्यासारखी वाटते. जाड बेल जोर वाढवला तरी रंग धरून ठेवते. पण अगदी हळू वाजवताना तिला जागं करावं लागतं. बाखच्या काही हलक्या बेलवर आकड्याशेजारी चांदणीची खूण असते. जुना बाख बघायला गेलात तर ती खूण आहे का, ते पाहा.

धातूची गोष्टही इथेच उरकून घेऊ. पिवळं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त; गोल्ड ब्रास म्हणजे ८५-१५; तांबूस रोझ ब्रास म्हणजे ९०-१०. तांबं वाढलं की आवाज मऊ होतो असं वादक सांगतात. वजनात या तिघांचा फरक किरकोळ. चांदीचा मुलामा की लाखेचा (लॅकरचा) लेप, हा वादही तसाच: मुलाम्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, अख्ख्या वाद्यावर मिळून काही ग्रॅम. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर मुलामा घामाला आणि खाऱ्या हवेला कसा टिकतो, याचा विचार जास्त करा.

दुसरं ठिकाण मधला भाग: व्हॉल्व्हचे तीन उभे नळकांडे, त्यांच्या खालच्या टोप्या, आणि नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ज्यांना ब्रेस म्हणतात. ट्यूनिंग स्लाइडवर, म्हणजे सूर जुळवायला आतबाहेर सरकणाऱ्या नळीवर, एक ब्रेस आहे की दोन, ते मोजा. दोन असले की वाद्य घट्ट वाटतं, सूर आपापल्या जागी पक्के बसतात. एक असला, किंवा एकही नसला, तर थोडी ढिलाई मिळते. ढिलाई म्हणजे दोष असं समजू नका. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरं ठिकाण माउथपीस आणि तो जिथे बसतो ती जागा. इथले वीस-तीस ग्रॅम बेलवरच्या तेवढ्याच ग्रॅमपेक्षा वादकाला जास्त जाणवतात, कारण ओठ तिथेच आहेत. जड माउथपीसने सुराची सुरुवात ठाम होते. त्याच वेळी सुराला रंग बदलायला लावणं कठीण जातं.

तोल: आधी हाताला विचारा

वाजवू नका. नुसता ट्रम्पेट वाजवण्याच्या पवित्र्यात धरा, बेल समोर, कोपर अंगापासून थोडे दूर. घड्याळ लावून पाच मिनिटं तसेच उभे राहा.

ट्रम्पेटचं जवळपास सगळं वजन डाव्या हाताने पेलायचं असतं, उजव्या हाताची बोटं व्हॉल्व्हसाठी मोकळी हवीत. बेल डाव्या मुठीच्या पुढे फूटभर जाते, त्यामुळे बेलच्या काठावरचे पन्नास ग्रॅम मनगटाला मधल्या भागातल्या पन्नास ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त वाटतात. पाच मिनिटांत तीन गोष्टी बघा. बेल खाली झुकायला लागली का? उजव्या हाताची करंगळी वरच्या हुकात अडकून वजन उचलायला लागली का? मान पुढे आली का? यातलं काहीही झालं, तर वाजवताना त्याचा परिणाम थेट ओठांवर होतो: दमलेला हात माउथपीस ओठांवर दाबायला लागतो, ओठांची थरथर अडते, आणि वरचे सूर जातात. शिकणाऱ्याचा 'आवाज बसला' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं पुष्कळसं हे मनगटाचं दुखणं असतं.

दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी ट्रम्पेट बघत असाल तर कॉर्नेटचा विचार जरूर करा. नळीची लांबी तीच, बोटं तीच, पण वेटोळी आखूड असल्यामुळे वजन अंगाजवळ येतं. दोन-तीन वर्षांनी ट्रम्पेटकडे वळताना काही नव्याने शिकावं लागत नाही.

आता वाजवून बघा

दोन किंवा तीन ट्रम्पेट शेजारी ठेवा, पण माउथपीस एकच ठेवा आणि तो स्वतःचा असू द्या. माउथपीसच्या वाटीची खोली बदलली की आवाज इतका बदलतो की वजनाचा फरक त्यात हरवून जातो. हा नियम मोडलात तर पुढची सगळी परीक्षा वाया.

आधी हळू सुरुवात. मधला 'जी' घ्या, जिभेचा आघात न देता नुसत्या श्वासाने. किती कमी हवेत सूर सुरू होतो? काही वाद्यांत आधी फुस्स असा वारा येतो आणि मग सूर पकडतो. काहींत वाऱ्याबरोबरच सूर. हलके ट्रम्पेट इथे बहुधा पुढे असतात. बहुधा म्हणतो, कारण व्हॉल्व्ह गळत असेल तर हलकाही फुसफुसतो. ते तपासायची सोपी रीत: कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड झटकन बाहेर ओढा. 'टक्' असा आवाज आला तर आतली बंदिस्ती ठीक आहे. काहीच आवाज आला नाही तर वजनाची चर्चा तिथेच थांबवा आणि पुढचं वाद्य उचला.

मग तोच 'जी' अगदी हळू सुरू करून आठ मोजेपर्यंत जितका मोठा करता येईल तितका करा, आणि आठ मोजत परत आणा. इथे वजनाचा स्वभाव सगळ्यांत स्पष्ट दिसतो. आवाजाचा रंग कुठल्या मोजणीला बदलतो ते ऐका. हलक्यात तो पाच-सहाच्या आसपास उजळायला लागेल, जडात कदाचित आठपर्यंत तसाच राहील. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं काही नाही. मोठ्या सभागृहात ऑर्केस्ट्राच्या मागून वाजवणाऱ्याला रंग टिकलेला हवा असतो. छोट्या खोलीत गायकाला साथ करणाऱ्याला एकाच वाद्यातून दोन-तीन रंग हवे असतात.

ही चाचणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण फोन मांडीवर ठेवून नव्हे. चार-पाच मीटर लांब ठेवा. फोन आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो, त्यामुळे रेकॉर्डिंगवरून कुठला ट्रम्पेट 'मोठा' हे ठरवू नका. फक्त रंगाकडे लक्ष द्या. त्याहून चांगलं म्हणजे सोबत कान असलेला मित्र न्या, त्याला पाठ करून उभं करा, आणि वाद्यांचा क्रम न सांगता वाजवा. तुम्हाला डोळे मिटूनही वजन हातात कळतंच, त्यामुळे तुमचा स्वतःचा निकाल पूर्वग्रहातून सुटत नाही. मित्राला दोन ट्रम्पेटमधला फरक दर वेळी ओळखता येत नसेल, तर जादा पैसे कशासाठी देताय ते स्वतःला विचारा.

तिसरी चाचणी आपल्याकडच्या शिकणाऱ्यांनी तर चुकवूच नये: सूर वाकवणं. 'जी' लावा आणि व्हॉल्व्हला हात न लावता, फक्त ओठ सैल करून तो अर्धा सूर खाली न्या, मग परत वर. प्रत्येक सुराची एक खाच असते, तिला वादक स्लॉट म्हणतात. जड वाद्यात, विशेषतः माउथपीसजवळ वजन असेल तर, सूर त्या खाचेत घट्ट बसतो. नवशिक्याला हे सुखाचं वाटतं, सूर घसरत नाही. पण भावगीत किंवा जुनं सिनेगीत वाजवायला घ्या. तिथे मींड लागते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जावं लागतं, अर्धा व्हॉल्व्ह दाबून मधले सूर पुसट करावे लागतात. तेव्हा हीच घट्ट खाच आडवी येते. मघाशी ढिलाईला दोष म्हणू नका असं म्हटलं ते यासाठी. चेट बेकर आणि माइल्स डेव्हिस हे जॅझ वादक ज्या 'मार्टिन कमिटी' मॉडेलच्या ट्रम्पेटवर वाजवत, तो याच वाकणाऱ्या सुरांसाठी आजही शोधून घेतला जातो, आणि तो काही जड वाद्यांत मोडत नाही.

वजन लावून पाहा, काढून पाहा

दोन वेगळे ट्रम्पेट तुलनेला घेतले की त्यांची नळी, लीडपाइप, बेल, सगळंच वेगळं असतं. ऐकू आलेला फरक वजनाचाच हे कसं ठरवणार? म्हणून एकाच ट्रम्पेटवर वजन बदलून बघणं हा खरा प्रयोग, आणि तो जवळपास फुकट आहे.

भिंतीवर पोस्टर चिकटवायची मऊ पुटी मिळते. तिचा वीस ग्रॅमचा गोळा करून आधी माउथपीसच्या दांड्याजवळ गुंडाळा, 'जी'ची मोठा-लहान चाचणी करा. मग तोच गोळा मधल्या भागातल्या ब्रेसवर लावा. मग बेलच्या बाहेरच्या बाजूला, काठाच्या जरा मागे. प्रत्येक ठिकाणी तीच चाचणी, तीच रेकॉर्डिंगची जागा. पुटी नसेल तर जाड तांब्याच्या तारेला कापड गुंडाळून वापरा. लोहचुंबक पितळेला चिकटत नाही, त्या नादी लागू नका. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या तोंडाजवळ नकोत. आणि एम-सीलचा विचार मनात आला असेल तर झटकून टाका. ते दगडासारखं घट्ट होतं आणि निघताना लाखेचा पापुद्रा घेऊन निघतं.

याच कामासाठी व्हॉल्व्हच्या खालच्या जड टोप्या विकत मिळतात. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, आटे: एका कंपनीची टोपी दुसरीच्या ट्रम्पेटला बसेलच असं नाही, आणि जबरदस्तीने फिरवली तर नळकांड्याचे आटे जातात, ज्याची दुरुस्ती टोपीपेक्षा कितीतरी महाग पडते. दोन, टोपीच्या मधलं भोक. व्हॉल्व्ह वरखाली होताना खालची हवा तिथून ये-जा करते. ते बंद असेल, किंवा वजनासाठी कोणी आत नाणं वगैरे टाकलं असेल, तर व्हॉल्व्ह स्प्रिंगवर बसल्यासारखा जड चालतो आणि जलद ताना अडकतात.

टोपी लावायचीच तर तिन्ही एकदम लावू नका. तिसऱ्या व्हॉल्व्हला एकच लावा, आठवडाभर वाजवा, मग काढा. काढल्यावर जे जाणवतं ते लावल्यावर जाणवलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचं असतं, कारण नवीन वस्तूचा उत्साह तोवर ओसरलेला असतो.

कोणाला काय लागतं

सगळीकडे चालणारा ट्रम्पेट हवा, असं जवळजवळ प्रत्येक नवशिका म्हणतो. या मागणीला आपल्याकडे चांगला इतिहास आहे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे सगळ्यांचे चिक चॉकलेट, मुंबईत हॉटेलांमध्ये जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या सिनेसंगीतातही त्यांचा हात असे. त्या पिढीचे कितीतरी गोवेकर वादक चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकून आले आणि मुंबईत एकाच दिवसात स्टुडिओतली लिहिलेली रचना आणि रात्रीचं नाचगाणं, दोन्ही वाजवत. अशा कामाला कुठलंही टोक गाठलेलं वाद्य उपयोगाचं नाही. मधल्या वजनाचा, साधारण एक किलो पन्नास ते दीडशे ग्रॅमचा ट्रम्पेट, आणि रंग बदलण्यासाठी दोन-तीन माउथपीस व म्यूट (बेलमध्ये बसवायची, आवाज बदलणारी बुचं), हीच व्यवहाराची सोय. उथळ वाटीचा माउथपीस आवाज उजळवतो, खोल वाटीचा मऊ करतो. कप म्यूट किंवा हार्मन म्यूट लावला की वाद्यच बदलल्यासारखं वाटतं. शंभर ग्रॅम पितळाने जे होत नाही ते या दोन गोष्टींनी एका मिनिटात होतं. म्यूटचं वजन मात्र बेलच्या टोकाला लटकतं, तेव्हा तोलाची पाच मिनिटांची परीक्षा म्यूट लावूनही करा.

लग्नाच्या किंवा मिरवणुकीच्या बँडमध्ये वाजवणार असाल तर हलक्याकडे झुका. तासन् तास चालत, वरातीच्या गर्दीत, डोक्यावर ऊन घेऊन वाजवायचं असतं. तिथे सुराच्या गडदपणाची कदर करायला कोणी थांबलेलं नसतं, आणि उघड्यावर धार असलेला आवाजच पोचतो. मेरठच्या जली कोठी भागात बनणारी वाद्यं या बँडांत खूप दिसतात. तसलं जुनं वाद्य घेताना वजनावर जाऊ नका. दुरुस्तीचा जाडजूड डाग, पोचे काढून वरून मारलेली ठिगळं, यांनीही वजन वाढतं. 'टक्'ची चाचणी करा आणि स्लाइड हाताने निघतात का ते बघा.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षांचा विचार असेल, ऑर्केस्ट्रात बसायची इच्छा असेल, तर नेहमीच्या वजनाचा, घट्ट ब्रेसचा ट्रम्पेट चांगला. त्यात पियानोबरोबर सूर जुळवून ठेवणं सोपं जातं. जॅझकडे ओढा असेल, मोठ्या बँडमध्ये उंच सूर वाजवायचे असतील, तर हलक्या बांधणीची परंपरा बघा. शिकागो सिंफनीत ट्रम्पेट वाजवणारे रेनॉल्ड शिल्की यांनी १९५६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि चटकन प्रतिसाद देणारी, तुलनेने हलकी वाद्यं बनवली. पुढे यामाहाने त्यांचा सल्ला घेतला. जॅझ वादक बॉबी शू यांच्या नावाचं यामाहाचं मॉडेल, ८३१०झेड, याच हलक्या घराण्यातलं.

खूप जड ट्रम्पेट पहिलं वाद्य म्हणून कोणीही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याची घट्ट खाच आणि एकसारखा रंग शिकणाऱ्याच्या चुका झाकतात. श्वास कमी पडला, ओठ आवळले गेले, तरी तो बराच वेळ ठीकठाक वाजत राहतो, आणि गुरुजींना चूक ऐकू येईपर्यंत ती सवय होऊन बसलेली असते. अगदी हलकाही नको: तो प्रत्येक थरथर उघडी करतो आणि पहिल्या वर्षात माणूस हिरमुसतो. मधला घ्या, वर्ष-दीड वर्ष वाजवा, मग पुटीचा गोळा हातात घ्या. वजन माउथपीसजवळ लावल्यावर दर वेळी बरं वाटत असेल तर जड माउथपीस उसना आणून बघा. बेलजवळ लावल्यावर बरं वाटत असेल तर पुढचं वाद्य जाड बेलचं शोधा. आणि कुठेही लावून काहीच कळत नसेल, तर ते पैसे शिकवणीला लावा.